कॅडिलॅक एल्डोराडो ही आलिशान अमेरिकन गाडी 1986 मध्ये एवढी लहान का केली? आणि विक्री आपटली ती त्यामुळेच का?

‘लहान केली म्हणून आपटली’ हे उत्तर बहुतेक जण देतात. मला ते अर्धंच पटतं, कारण एल्डोराडो त्याआधीही एकदा लहान झाली होती आणि तेव्हा गिऱ्हाइकांनी तिला डोक्यावर घेतलं होतं.

1978 ची एल्डोराडो म्हणजे जवळजवळ 5.7 मीटर लांबीचं धूड, आणि दारं फक्त दोन! 1979 मध्ये जीएमने (कॅडिलॅकची मालक कंपनी जनरल मोटर्स) एका झटक्यात तिची अर्धा मीटर लांबी उतरवली, इंजिन सात लिटरवरून 5.7 वर आणलं. पण लांबलचक बॉनेट, उभं ग्रिल, तो एकूण तोरा शाबूत ठेवला. विक्री सुमारे 47 हजारांवरून 67 हजारांवर गेली.

1986 ची गाडी आखली गेली ती इराणच्या क्रांतीनंतर पेट्रोल भडकलं त्या काळात. भाव असेच चढत राहणार, असं जीएमने गृहीत धरलं होतं. शिवाय सरकारचे मायलेजचे नियम मानगुटीवर होतेच. गाडी शोरूममध्ये लागली आणि काही महिन्यांत कच्चं तेल धाडकन कोसळलं. नशीबच खोटं म्हणायचं.

तरी खरा घोळ दिसण्यात होता. मी मिशिगनमध्ये राहतो. उन्हाळ्यात इथे हौशी लोक जुन्या गाड्या बाहेर काढतात. तिथे 85 आणि 86 ची एल्डोराडो शेजारीशेजारी उभ्या पाहिल्या. 85 चं बॉनेट संपता संपत नाही. 86 मध्ये पुढचं चाक सरलं की लगेच दार, आणि डिकी मागे कापून टाकल्यासारखी. वर छपराची आणि काचांची ठेवण थेट ब्यूक सॉमरसेटसारखी (ब्यूक हा जीएमचाच स्वस्तातला ब्रँड), जी निम्म्याहून कमी किमतीत मिळायची! तसं पाहिलं तर 4.78 मीटर म्हणजे आपल्या इनोव्हा क्रिस्टापेक्षा किंचित लांबच. पण 24 हजार डॉलर मोजणाऱ्याला शेजाऱ्याने विचारावं, ‘ब्यूक घेतलीस का?’ मग कोण घेईल?

काही जण 4.1 लिटरच्या इंजिनावर खापर फोडतात. इंजिन कुचकामी होतं यात वाद नाही, पण 85 च्या गाडीतही तेच होतं आणि ती 76 हजारांच्या आसपास खपली. 86 ला आकडा आला 21 हजारांवर. त्याच सांगाड्यावरची ब्यूक रिव्हिएराही 65 हजारांवरून 22 हजारांवर घसरली, आणि तिच्यात तर वेगळंच, सहा सिलिंडरचं व्ही-6 इंजिन होतं.

कॅडिलॅकने 1988 मध्ये मागचे फेंडर ओढून गाडी सातआठ सेंटिमीटर वाढवली, 4.5 लिटरचं इंजिन बसवलं, तेव्हा खप 33 हजारांपर्यंत सावरला. 1992 ला नवं मॉडेल आलं ते पुन्हा पाच मीटरच्या वर.