गल्गाँगमधला जुना पब खरंच किती जुना, आणि तिथे मुक्काम करावा का?

न्यू साउथ वेल्समधल्या गल्गाँगला जायचं आहे, पाटीवर एकोणिसाव्या शतकातलं साल लिहिलेले पब खरोखर तेवढे जुने असतात का आणि तिथे रात्र काढण्यासारखी सोय असते का, असं तुम्ही विचारलंय.

पाटीवरच्या सालावर जाऊ नका. पुष्कळदा ते साल दारूविक्रीच्या परवान्याचं असतं, समोर दिसणाऱ्या इमारतीचं नसतं. मालक बदलला की नाव बदलायचं, परवाना दुसऱ्या जागेवर नेता यायचा आणि लाकडी पब जळून गेला की त्याच जागी विटांचा उभा राहायचा. गल्गाँगला सोनं सापडलं १८७० साली. पुढच्या एक-दोन वर्षांत उभ्या राहिलेल्या बऱ्याच दारूगुत्त्यांना समोरून फळ्यांचा ऐटबाज दर्शनी भाग असे. मागे मात्र झाडाची साल नाहीतर कॅनव्हास. त्यामुळे आज दिसणारी दुमजली विटांची वास्तू बहुधा नंतरची असते. याला अपवादही आहे. हिल एंड या सोन्याच्याच दुसऱ्या गावातलं रॉयल हॉटेल १८७२ चं आहे आणि तिथल्या सोन्याच्या गर्दीच्या काळातल्या दोन डझनांहून जास्त पबांपैकी तेवढं एकच आज चालू आहे.

पडताळून बघायचं तर आधी होल्टरमन संग्रह हा जुन्या फोटोंचा साठा उघडा. बोफॉय मर्लिन आणि चार्ल्स बेलिस यांनी १८७२ च्या सुमारास ही दोन्ही गावं दुकानागणिक टिपली. काचेच्या निगेटिव्हांचा तो साठा १९५१ मध्ये सिडनीच्या चॅट्सवुड भागातल्या एका शेडमध्ये सापडला. न्यू साउथ वेल्सच्या राज्य ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर तो फुकट बघता येतो आणि इतका मोठा करता येतो की दारावरची पाटी वाचता येते. मग 'ट्रोव्ह' या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुन्या वर्तमानपत्रांत पबचं नाव, गाव आणि 'लायसन्सिंग कोर्ट' हे शब्द इंग्रजीत टाकून शोधा. नुसतं नाव टाकलंत तर शोध फसतो, कारण 'कमर्शियल' आणि 'रॉयल' गावोगावी होते. विसाव्या शतकासाठी कॅनबेराच्या नोएल बटलिन अभिलेखागारात टूथ या बिअर कंपनीची पिवळी कार्डं आहेत. राज्यातल्या कितीतरी पबांची नोंद त्यांत पबवार मिळते.

प्रत्यक्ष गेलात की बाजूच्या गल्लीतली भिंत बघा, कारण दर्शनी बाजूला रंगरंगोटी झालेली असते. विटांच्या लांब बाजूंमध्ये अधूनमधून आखूड तोंडंही दिसत असतील तर भिंत भरीव, म्हणजे बहुधा जुनी. सगळ्या लांब बाजूच दिसल्या तर मधे पोकळी असलेली, बहुधा विसाव्या शतकातली. फूटपाथमधली लाकडी झडप तळघराची, तिथून पिंपं खाली सोडत. बारमधल्या टाइल्स मात्र बहुतेक नंतरच्या. इथे १९१६ ते १९५५ बार संध्याकाळी सहाला बंद होत, शेवटच्या तासात झुंबड उडे आणि टाइल्सची भिंत धुऊन काढायला सोपी.

आता मुक्काम. वरच्या खोल्या हौसेखातर बांधलेल्या नाहीत. परवाना हवा तर प्रवाशांना झोपायची सोय द्यावी लागे, म्हणून पबला हॉटेल म्हणतात. साहजिकच खोल्या लहान, न्हाणीघर बहुधा व्हरांड्याच्या टोकाला आणि सामायिक, लिफ्ट नाही. फोन करून चार गोष्टी विचारा: खोली बारच्या डोक्यावर आहे का, शनिवारी बँड असतो का, हीटर आहे का (हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो) आणि किल्ली कुणाकडून घ्यायची. अनेक ठिकाणी वेगळं रिसेप्शन नसतं, किल्ली बारवरच मिळते. पोचायला उशीर झाला आणि बार बंद झालेला असला की पंचाईत. रस्त्यावरच्या व्हरांड्याची खोली फोटोत छान दिसते, पण झोप हवी तर मागची मागा.

स्वयंपाकघर बारपेक्षा बरंच आधी बंद होतं. रात्रीचं जेवण साधारण सहा ते आठ, आणि सोमवार-मंगळवार काही ठिकाणी चूल पेटतच नाही. ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची, पैसे आधी. शाकाहारी असाल तर चिप्स आणि सॅलडवर भागवायची तयारी ठेवा, किंवा आधीच विचारून घ्या. बिअरचा 'स्कूनर' इथे ४२५ मिलीचा, 'मिडी' २८५ चा. दक्षिण ऑस्ट्रेलियात मात्र स्कूनर मागितला तर २८५ च मिळतो. पूर्ण परवान्यावर गाडी चालवणाऱ्यासाठी रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ च्या खाली, आणि संध्याकाळनंतर रस्त्यावर कांगारू येतात, तेव्हा प्यायचं असेल त्या रात्री गाडी हलवूच नका.