‘अभिनयाकडे वळला’ की ‘अभिनयात उतरला’?

प्रश्न असा : विल स्मिथवरच्या लेखात ‘हा रॅपर १९९० साली अभिनयाकडे वळला’ असे लिहिले होते. दादरच्या मित्राने ‘वळला’ खोडून ‘अभिनयात पदार्पण केले’ केले. बरोबर काय?

मित्राचे मला अर्धेच पटते. पदार्पण म्हणजे पाऊल ठेवणे. त्याला नेमका दिवस असतो. कसोटीतले पदार्पण, पन्नाशीत पदार्पण. स्मिथची मालिका सप्टेंबर १९९०मध्ये सुरू झाली, ते पदार्पणच. पण तो तिथे का आला, हे या शब्दातून कळत नाही. १९८९ साली रॅपचे पहिलेवहिले ग्रॅमी त्याला आणि त्याचा संगीतातला जोडीदार जॅझी जेफ याला मिळाले खरे, पण पैसा उधळून झाला होता आणि करखात्याचे देणे डोक्यावर होते. ही ओढाताण ‘वळला’मध्ये डोकावते.

फक्त एक खोट आहे. वळणाऱ्याची आधीच्या वाटेकडे पाठ होते. स्मिथची कुठे झाली? चित्रपटांत पुरता स्थिरावल्यावर, १९९७ साली, त्याने स्वतःचा रॅपचा अल्बम काढला. आइस-टी या दुसऱ्या रॅपरला तर हे क्रियापद लावूच नये. त्याच्या बँडच्या गाण्यावरून १९९२ साली अमेरिकेतल्या पोलीस संघटना खवळल्या होत्या आणि २०००पासून हाच गडी टीव्हीवर पोलीस झालाय. ‘वळला’ म्हटले तर लोकांना वाटेल, पोरगा वळणावर आला!

लालबाग-परळकडे ‘त्याने लाइन बदलली’ म्हणतील. झकास मुंबईकर प्रयोग, पण दादरला लाइन बदलली की पहिली गाडी सुटलेलीच असते.

माझे मत ‘उतरला’ला. व्यापारात उतरला, राजकारणात उतरला : हे आपण कोणाबद्दल म्हणतो? दुसरीकडे नाव किंवा पैसा कमावून आलेल्याबद्दल. नाट्यशिक्षण घेऊन आलेली मुलगी अभिनयात ‘येते’, ‘उतरत’ नाही. रॅपर मात्र नावाचे भांडवल घेऊनच येतो. स्मिथच्या पहिल्या मालिकेचे शीर्षकसुद्धा त्याच्या रॅपमधल्या नावावरून घेतलेले होते.

तेव्हा लिहा : ‘१९९० साली हा रॅपर अभिनयातही उतरला.’ तो ‘ही’ गाळू नका, रॅप चालूच असल्याचे तोच सांगतो. आणि मथळ्यात नुसते ‘रॅपर’ नको, ‘रॅप गायक’ म्हणा. आपल्या लिपीत चॉकलेटचा कागदही रॅपरच असतो.