मानधन आधी, प्रकल्प नंतर

सप्रेम जिंदाबाद,

तुझे पत्र पोचले. तुमच्या जिल्हा निधीपुढे दोन अर्ज आहेत: एक शाळांना टॅब देण्याचा, रंगीत तक्त्यांसह, दुसरा वनहक्काचे दावे लढवणाऱ्या संघटनेचा, वहीच्या पानावर लिहिलेला, ज्यात दोन पूर्णवेळ कार्यकर्त्यांचे मानधन, एसटीचे भाडे आणि झेरॉक्सचा खर्च एवढेच मागितले आहे. समितीला मोजता येणारी निष्पत्ती हवी आहे, म्हणून तू दोलायमान आहेस. यात गोंधळण्यासारखे काय आहे, हेच मला कळेना.

मानधन द्या. टॅबसाठी मोठ्या कंपन्या रांगेत आहेत. कायद्याने नफ्यातले 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचेच आहेत आणि फलकावर नावही हवे आहे. सरकारी कचेरीशी भांडणाऱ्या माणसाच्या पोटाची सोय कोणती कंपनी करते, ते मला दाखव. पूर्वी मोठ्या संस्था परदेशी निधीतला थोडा वाटा खाली पोचवत असत. परदेशी निधीच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीने तेही बंद झाले. उरले कोण? तुम्ही.

गावाच्या सामूहिक वनसंपत्तीवरील हक्काच्या दाव्याचा अर्ज, म्हणजे 'नमुना क', भरायचा म्हणजे काय, हे समितीला सविस्तर सांग. गावातल्या म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन पारंपरिक सीमा पायी फिरून ठरवायची, शेजारच्या गावांची संमती मिळवायची, निस्तारपत्रकासाठी, म्हणजे गावाच्या जंगलवापराच्या जुन्या हक्कनोंदीसाठी, खेटे घालायचे, निम्मी ग्रामसभा आणि तिच्यात एक तृतीयांश स्त्रिया जमवून ठराव करायचा, आणि मग उपविभागीय व जिल्हास्तरीय समितीकडे फाइल अडकली की तिच्या मागे लागायचे. यातल्या कोणत्या पायरीला तुम्ही निष्पत्ती म्हणणार? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला, पण ते गाव वनहक्क कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून ग्रामसभा म्हणून एकत्र बसत होते. त्या बसण्याचा अहवाल वर्षाअखेरीस कोणत्या रकान्यात भरला असता?

बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि नरेंद्र दाभोलकर यांना हे नेमके कळले होते. नाटकाचे प्रयोग लावून त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला आणि त्याच्या व्याजातून कार्यकर्त्यांना दरमहा मानधन दिले. रक्कम लहान होती, पण ती माणसाला मिळत होती, प्रकल्पाला नव्हे.

मी विश्वस्त असताना हाच हट्ट धरला, म्हणून मला व्यवहारशून्य म्हटले गेले. इमारत नाही, उद्घाटन नाही, दात्यांना दाखवायला एक फोटो नाही, ही तक्रार दर बैठकीत ऐकली. पण ज्या पोरांना मानधन मंजूर होऊ शकले नाही, त्यांतली काही विम्याची एजंटी करू लागली आणि त्यांच्या तालुक्यातले काम तिथेच थांबले. ते मला आजही सलते. मग व्यवहार कोणाला कळला होता? असो, हा राग तुझ्यावर काढण्यात अर्थ नाही.

हिशेब मात्र चोख माग. व्हाउचर, बँकेचे पासबुक, ग्रामसभेच्या ठरावांच्या प्रती यांत सवलत देऊ नकोस. चळवळ आहे म्हणून पावती नाही, हे मला कधीच मान्य नव्हते. एका वर्षासाठी मात्र देऊ नका, किमान तीन वर्षांची हमी द्या, कारण दावे त्याहून लवकर क्वचितच निकाली निघतात. बैठकीआधी त्या संघटनेकडे एक रात्र मुक्कामाला जाऊन ये. आणि मानधन कापून तेवढ्यात टॅब बसवण्याची तडजोड कोणी सुचवलीच, तर तुझे विरोधी मत इतिवृत्तात नोंदवून घे. पुढच्या बैठकीत ते वाचून दाखवले जाते की नाही, तेही पाहा.