काहीच त्रास नसताना सत्तरीनंतर बीपीची गोळी घ्यावी, याला पुरावा आहे का?

तुमच्या बाबांचं वय ७३, वरचं बीपी कायम १७०च्या आसपास, खालचं ८०. ‘वयाबरोबर प्रेशर वाढणारच, मला काही होत नाही, मग गोळी कशाला?’ असं ते म्हणतात. औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासणं हेच माझं काम, म्हणून त्या अंगाने सांगतो.

एके काळी बरेच डॉक्टरही हेच म्हणत. त्या समजाला पहिला मोठा तडा गेला १९६७ मध्ये, अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत. एडवर्ड फ्राइस यांच्या गटाने खालचं बीपी ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष घेतले. काहींना खरी औषधं, बाकीच्यांना हुबेहूब तशीच पण औषध नसलेली गोळी. माणूस गोळ्या खरंच घेतो का, हे कळावं म्हणून सुरुवातीच्या गोळ्यांत रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व मिसळलं होतं, ते लघवीत दिसतं. पुढे औषध नसलेल्या गटात २७ गंभीर घटना घडल्या, औषधाच्या गटात फक्त २. त्या औषधांपैकी रिसर्पिन हे सर्पगंधेतलं. सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरचा अभ्यास मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्येच प्रसिद्ध केला होता. आपल्याकडे हे फार कमी जणांना ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पण बाबांशी जुळणारी माणसं होती ती १९९१ मध्ये निष्कर्ष आलेल्या ‘शेप’ चाचणीत. वय ६०च्या पुढे, वरचं बीपी १६० किंवा जास्त, खालचं ९०च्या आत, एकूण ४,७३६ जण. सुरुवात क्लोरथॅलिडोन या जुन्या, लघवी वाढवणाऱ्या गोळीने. पाच वर्षांत औषध नसलेल्यांत हजारी ८२ जणांना पक्षाघाताचा झटका आला, औषधाच्या गटात हजारी ५२ जणांना. म्हणजे गोळी न घेताही बहुतेकांना झटका आला नसता. हे बाबांपासून लपवू नका. पण हजारातली ती तीस माणसं पक्षाघाताच्या झटक्यापासून वाचली, आणि आपण त्या तिसांत आहोत की नाही हे आधी कुणालाच कळत नाही. मला विचाराल तर एवढा फरक गोळी घ्यायला पुरेसा आहे.

‘आता या वयात काय फायदा?’ असं ते म्हणाले तर २००८ची ‘हायव्हेट’ ही चाचणी सांगा. सगळे ८० किंवा त्याहून जास्त वयाचे. औषधाच्या गटात पक्षाघात आणि मृत्यूही कमी दिसल्यामुळे चाचणी मुदतीआधी थांबवली; अंतिम हिशेबात मृत्यू २१ टक्क्यांनी कमी होते.

मात्र वरचं बीपी १२०पर्यंत आणायचा हट्ट स्वतःहून धरू नका. २०१५च्या ‘स्प्रिंट’ चाचणीत त्याचा फायदा दिसला खरा, पण बीपी फार उतरणं, भोवळ येणं, किडनीला इजा होणं हेही वाढलं, शिवाय मधुमेह असलेले किंवा आधी पक्षाघात झालेले त्यात नव्हतेच. गोळी सुरू झाली की डॉक्टरांना बीपी उभं करूनही मोजायला सांगा, आणि लघवी वाढवणारी गोळी असेल तर सोडियम-पोटॅशियमची तपासणी कधी करायची ते विचारून घ्या.