ग्रामसभेत पहिल्यांदा बोलायला उठणार असाल तर

आमदार गावात आले की पारावर गराडा पडतो, दहा जण एकदम बोलतात आणि साहेब ‘बघतो’ म्हणून गाडीत बसतात. तो संवाद नव्हे. सुरुवात ग्रामसभेपासून करा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 प्रमाणे वर्षात किमान 4 सभा घ्याव्याच लागतात. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी संख्या. इथंच घोळ होतो: माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग पाच-पंचवीस जणांत ठराव उरकतात. म्हणून आदल्या रात्री गल्लीत फिरा. महिलांची सभा आधी होते. पाण्याचं दुखणं तिथंच नीट कळतं.

‘टँकर कधी?’ असं मोघम विचारू नका. किती खेपा मंजूर, किती आल्या, नोंदवहीत सही कुणाची, एवढं विचारा. प्रश्न लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने (पूर्वीचा ग्रामसेवक) इतिवृत्तात नोंद केली का, हे उठण्याआधी वाचून घ्या. कोरी जागा सोडून सह्या घेतल्या जात असतील तर सही करू नका.

गावात तड लागली नाही तर तालुक्याचा लोकशाही दिन (अधिकारी लोकांच्या तक्रारी समोर ऐकतात तो दिवस), मग जिल्हाधिकाऱ्यांकडचा, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. न्यायप्रविष्ट प्रकरण तिथं घेत नाहीत. आमदार-खासदारांना भेटायचं तर एका अर्जात एकच काम लिहा, सोबत ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडा. आणि पंधरवड्याने परत जा, तोच कागद घेऊन.