कार्ट्रिज रिफिल करणारे वाढले की कचरा कमी होतो का?

तुमचा प्रश्न असा, की लेझर प्रिंटरची जुनी कार्ट्रिज पुन्हा तयार करून विकणाऱ्यांत स्पर्धा वाढली तर कचरा आपोआप कमी व्हायला हवा ना? अर्धं उत्तर हो. मी नाशिकला अकरा वर्षं हेच काम करतोय.

आमच्या धंद्यात मारामारी गिऱ्हाइकापेक्षा रिकाम्या कार्ट्रिजसाठी जास्त. भंगारवाल्याकडे चौघं मागायला गेले की रिकामीला भाव येतो, आणि भाव आला की ती कचऱ्यात जात नाही. मूळ कंपन्यांनाही हे पक्कं कळतं. अमेरिकेत लेक्समार्क ही प्रिंटर कंपनी साधारण २० टक्के सवलतीत कार्ट्रिज विकायची, अट एकच: रिकामी आम्हालाच परत. दुसऱ्याने भरलेली चालू नये म्हणून वर चिप. भरणाऱ्यांनी चिपच बदलली. पेटंटचं भांडण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०१७ मध्ये निकाल लागला, की एकदा विकलेल्या मालावर पेटंटचा हक्क उरत नाही. ‘आम्ही पर्यावरणासाठी परत घेतो’ असं कुणी म्हटलं की मी विचारतो, घेऊन पुन्हा भरता की दळता? दळलं की प्लॅस्टिक मिळतं, पण चांगला रोलर, गिअर सगळं मातीमोल.

आता उरलेलं अर्धं. एचपीची १२ए कार्ट्रिज ही आमची रोजची भाजी-भाकरी. चिप नाही, साधारण २००० पानं. पण भाव पाडायची चढाओढ लागली की काही जण ती उघडतच नाहीत. तापल्या सोल्डरिंग आयर्नने भोक पाडायचं, टोनर, म्हणजे छपाईची भुकटी, ओतायचा, वर चिकटपट्टी. वेस्टचा, म्हणजे छापून उरलेल्या टोनरचा, कप्पा तसाच तुडुंब. मग पानावर काळी भुकटी सांडते. दर साडेसात सेंटीमीटरला तोच डाग दिसला तर ड्रम, म्हणजे पानावर छाप उमटवणारा रूळ, गेला समजा, कारण त्याचा एक फेरा तेवढाच. एका ऑफिसात अशा कार्ट्रिजपायी रीमभर कागद पुन्हा छापताना मी पाहिलंय. प्लॅस्टिक वाचवल्याचा फायदा तिथेच संपला! वर ते लोक आता फक्त नवीनच घेतात. म्हणून रिफिल करताना ड्रम आणि तो पुसणारी ब्लेड बदलली का आणि वेस्ट काढला का, एवढं विचाराच.

सध्या आम्हाला खरा फटका बसतोय तो स्वस्त, कोऱ्या कॉम्पॅटिबलचा, म्हणजे दुसऱ्याच कंपनीने बनवलेल्या नव्या कार्ट्रिजचा. ती जवळपास माझ्याच भावात मिळते, आणि संपली की आमच्यातलं कुणी उचलत नाही. तिचे सांधे दुसऱ्यांदा उघडताना तुटतात.