शेतरस्ता अडवला : अर्ज नेमका कोणत्या कलमाखाली?

प्रश्न : आमच्या गटाकडे जाणारी बैलगाडीची वाट शेजाऱ्याने चर खणून बंद केली. वाट जुनी आहे, पण सातबाऱ्यावर तिची नोंद नाही. तहसीलदारांकडे कलम 143 खाली अर्ज द्यावा असे काही जण सांगतात. ते बरोबर आहे का? (एक शेतकरी, जि. सोलापूर)

उत्तर : तुमच्या बाबतीत नाही. बहुतेक अर्ज इथेच फसतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 चे कलम 143 नवा रस्ता मागण्यासाठी आहे, आणि तोही इतर सर्व्हे नंबरांच्या बांधावरून. वापरातली वाट कुणी अडवली, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली दावा करायचा. दोन्ही प्रकरणे तहसीलदारांपुढेच चालतात, म्हणून गोंधळ होतो.

कलम 5 ची मुदत अडथळा केल्यापासून सहा महिने. ती उलटली की वाट कितीही जुनी असो, या कायद्याचे दार बंद. मग दिवाणी न्यायालय. म्हणून चर खणल्याची तारीख दाव्यात स्पष्ट लिहा. ‘काही महिन्यांपूर्वी अडवली’ अशी मोघम भाषा प्रतिवादीच्या पथ्यावर पडते. सोबत दोन्ही गटांचे सातबारे, चतुःसीमा दाखवणारा कच्चा नकाशा, चराचे फोटो आणि वाट वापरणाऱ्या इतर शेतकऱ्यांचे जबाब द्या. वाट ज्यांच्या जमिनीतून जाते त्या सर्व सहधारकांना प्रतिवादी करा. एक भाऊ राहिला तरी निकालानंतर तोच हरकत घेऊन उभा राहतो.

भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कलही काढा. त्यावर ग्रामीण गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने (रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट) आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने (सव्वाआठ फूट) दाखवलेला असतो. तुमची वाट तिथे सापडली, तर सातबाऱ्यावर नोंद नसल्याचे फारसे अडत नाही. स्थळ पाहणीच्या दिवशी मात्र स्वतः हजर राहा. चर कुठून कुठवर, किती खोल, हे पंचनाम्यात फुटांत लिहिलेले आहे ना, ते वाचूनच सही करा.

निकाल विरोधात गेला, तर अपील नाही. पुनरीक्षण अर्ज, म्हणजे निकाल कायद्याला धरून आहे का हे वरिष्ठांनी तपासावे असा अर्ज, करता येतो.

प्रश्न : एकाच गटाची भावांत वाटणी झाली. मागच्या हिश्शाला रस्ताच उरला नाही. आता काय?

उत्तर : कलम 143 वेगळ्या सर्व्हे नंबरांच्या बांधांबद्दल बोलते, एकाच गटातल्या पोटहिश्शांबद्दल नाही. भाऊ राजी असतील, तर रस्त्याची लांबी-रुंदी व दिशा लिहून दस्त नोंदवा आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कात’ नोंद घ्या. राजी नसतील, तर भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 13 चा (गरजेपोटी मिळणारा वाटेचा हक्क) आधार घेऊन दिवाणी दावा करावा लागेल. वाटणीच्या वेळी मोजणीसोबतच रस्ता आखून घेतला असता, तर हा खर्च वाचला असता.